काचेच्या दारामागची जागा

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी वहिनीचा फोन आला. "भावजी, कंपनीचा माणूस समोर बसलाय. काचेचा फ्रिज देतो म्हणतो, फुकट. वर आपल्या नावाचा बोर्डपण लावून देणार. सही करू काय?"

मुंबई-गोवा महामार्गावर, संगमेश्वर आणि लांज्याच्या मध्ये, आमच्या घरचं हॉटेल आहे. सहा टेबलं, पुढे कौलारू पडवी, मागे स्वयंपाकघर. दादा गेल्यापासून ते वहिनी एकटी चालवते. सकाळी मिसळ आणि घावन, दुपारी थाळी, आणि दिवसभर कोकम सरबत, सोलकढी, ताक. थंड ठेवायला होता तो घरातलाच जुना एका दाराचा फ्रिज. त्याच्या दाराचं रबर इतकं सैल झालेलं की वहिनी दाराला रात्री दोरी बांधायची. मे महिन्यात चाकरमानी गाड्या भरभरून येतात, तेव्हा बर्फाच्या लाद्या आणून भागवायचं. तेव्हा फुकट फ्रिज म्हटल्यावर तिचा हात सहीकडे जाणं साहजिक होतं.

मी म्हटलं, "सही नको. आधी कागदाचा फोटो पाठव."

कागद दोन पानांचा होता. फ्रिजची मालकी कंपनीची. दुरुस्ती कंपनीची. विजेचं बिल आपलं. आत फक्त कंपनीचाच माल ठेवायचा. महिन्याला ठरलेले क्रेट उचलायचे. नाही उचलले, किंवा आत दुसरं काही सापडलं, तर कंपनी फ्रिज परत नेणार. यात लपवाछपवी काहीच नव्हती. पण त्या कागदाप्रमाणे, हॉटेलातल्या सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत उठून दिसणाऱ्या जागेत वहिनीच्या कोकम सरबताला प्रवेश नव्हता.

मी तिला वही काढायला सांगितली. वहिनी वही ठेवते, आणि त्या वहीवरच पुढचं सगळं ठरलं. आदल्या मे महिन्यातल्या एका चांगल्या दिवशी साठेक ग्लास कोकम, चाळीस वाट्या सोलकढी, पस्तीस ग्लास ताक, पन्नास बाटल्या पाणी आणि तीस बाटल्या रंगीत पेयं खपली होती. तिच्या हिशेबात वीस रुपयांच्या बाटलीमागे हातात दोन-तीन रुपये राहत होते. वीस रुपयांच्या कोकमाच्या ग्लासामागे साखर, जिरं, मीठ, कोकमं आणि मजुरी जाऊन बारा. म्हणजे जे तीस नग तिला जेमतेम नव्वद रुपये देतात त्यांच्यासाठी चकचकीत काचेचं दार, आणि जे साठ ग्लास सातशेवर रुपये देतात त्यांच्यासाठी दोरीने बांधलेला फ्रिज.

तिने तो कागद त्या माणसाला चहा पाजून परत दिला. मग फ्रिज विकत घ्यायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. दोन महिने मी दुकानं, शोरूम, मेकॅनिक आणि नातेवाइकांची हॉटेलं पालथी घातली. हा लेख त्या दोन महिन्यांतून निघाला आहे.

फुकट फ्रिजमागचं अर्थकारण जुनं आहे. बाटलीबंद पेय गरम असलं तर त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून पेय विकणाऱ्या कंपनीला बाटली दुकानात पोचवून भागत नाही, तिथला थंडावाही आपल्या हातात ठेवावा लागतो. आपल्याकडे १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेली, थम्सअपचा जमाना आला, पुढे पेप्सी आली, आणि १९९३ मध्ये कोका-कोला परतली तेव्हा तिने पार्ले कंपनीचे थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे ब्रँडच विकत घेतले. त्यानंतरची चढाओढ टीव्हीवरच्या जाहिरातींतून सगळ्यांनी पाहिली. ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही चालू होती, लाल फ्रिज की निळा फ्रिज या रूपात. महामार्गावरून जाताना बघा, कित्येक दुकानांच्या पाटीवर कंपनीचं नाव हातभर आणि मालकाचं नाव बोटभर असतं.

युरोपात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. आयर्लंडमध्ये युनिलिव्हरची एचबी ही आइस्क्रीम कंपनी दुकानदारांना फ्रीजर फुकट द्यायची, अट एकच, आत दुसऱ्याचं आइस्क्रीम ठेवायचं नाही. मार्स कंपनी १९८९ मध्ये तिथल्या बाजारात उतरली आणि तिच्या आइस्क्रीमला ठेवायला जागाच मिळेना. छोट्या दुकानात दुसरा फ्रीजर ठेवणार कुठे? युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये ही अट स्पर्धेला मारक ठरवली आणि २००३ मध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. २००५ मध्ये कोका-कोलाने याच आयोगापुढे लेखी हमी दिली की दुकानात गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा दुसरा फ्रिज नसेल, तर कंपनीच्या फुकट फ्रिजमधली किमान २० टक्के जागा दुकानदाराने हव्या त्या पेयाला वापरावी. पाचातला एक कप्पा. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडेही असा एक कप्पा करारात मागायला काय हरकत आहे? दहा दुकानदारांनी मिळून मागितला, तर सेल्समनला वरती विचारावंच लागेल.

फुकट फ्रिज घेऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या टपरीवर बिस्किटं आणि बाटलीबंद पेयंच विकली जातात, जिथे घरचं असं काही नाही, तिथे तो जरूर घ्यावा. भांडवल अडकत नाही, बिघडला तर माणूस येतो. ज्याच्याकडे स्वतःची सोलकढी आहे, लस्सी आहे, पियुष आहे, आलेपाक सोडा आहे, त्याने मात्र आधी वही उघडावी.

आता यंत्राकडे येतो. बाजारात याला व्हिजी कूलर म्हणतात, गिऱ्हाईक काचेचा फ्रिज म्हणतं. कोल्हापूरच्या शोरूममध्ये पहिल्या दिवशी मला दोनच गोष्टी सांगितल्या गेल्या, लिटर किती आणि आतला दिवा किती छान. लिटर हा आकडा रिकाम्या पेटीचा असतो. जाळ्या, पंख्याची जागा, बाटल्यांच्या गळ्याभोवतीची पोकळी हे सगळं वजा केल्यावर उरतं ते आपलं. तेव्हा लिटर मोजण्यापेक्षा आपल्या बाटल्या बरोबर न्याव्यात आणि शोरूममध्येच एका कप्प्यात लावून बघाव्यात. मी वहिनीची लिटरची ताकाची बरणी घेऊन गेलो होतो. दोन मॉडेलांत ती उभीच राहिली नाही, आणि जाळी वर सरकवली तर एक कप्पा कमी होत होता.

मग मी तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर पत्रकावर बारीक अक्षरांत असतं: हे यंत्र कुठल्या हवेसाठी तपासलेलं आहे? दुकानी फ्रिजच्या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे वर्ग ठरवलेले आहेत. वर्ग ४ म्हणजे खोलीत ३० अंश आणि ५५ टक्के आर्द्रता. वर्ग ५ म्हणजे ४० अंश आणि ४० टक्के. वर्ग ७ म्हणजे ३५ अंश आणि ७५ टक्के. वातानुकूलित मॉलमध्ये वर्ग ४ चं यंत्र सुखाने चालेल. विदर्भातल्या पत्र्याच्या शेडला निदान वर्ग ५ हवा. आणि आमच्या पडवीला ७, कारण कोकणात घामट हवाच जास्त छळते.

हे काच पाहिल्यावर कळतं. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, जी जुलैमध्ये रत्नागिरीकडे रोजचीच, तर जो पृष्ठभाग २७ अंशांच्या खाली उतरेल त्यावर पाणी सुटणारच. एकपदरी काच म्हणजे दिवसभर वाहणारी काच: आतलं काही दिसत नाही, खाली थारोळं, आणि त्या थारोळ्यात फ्रिजचे पाय गंजतात. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली असेल तर बाहेरची काच पुष्कळ कोरडी राहते. काही मॉडेलांत काच गरम ठेवणारी तार असते. ती वीज खाते, पण पावसाळ्यातल्या कोकणात तिचा उपयोग आहे, आणि उन्हाळ्यात बंद करायचं बटण असेल तर तेच मॉडेल घ्यावं. आमच्याकडची खारी हवा पत्रा आणि कंडेन्सरची जाळी दोन्ही खाते, म्हणून जाळीवर लेप आहे का तेही विचारावं. शोरूममधल्या मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने माझ्यासमोर कंपनीत फोन लावून विचारलं, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

माझा मावसभाऊ हिंगणघाटला एसटी स्टँडजवळ रसवंती आणि थंड पेयांचं दुकान चालवतो. त्याच्याकडे मी एप्रिलमध्ये गेलो तेव्हा दुपारी दोनला बाहेर ४४ अंश होते आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. त्याच्या दुकानात काचेच्या दाराचा उभा फ्रिज नाहीच. आहे ती आडवी पेटी, वरून झाकण उघडणारी. कारण त्याने एका वाक्यात सांगितलं, "उभ्याचं दार उघडलं का थंडी पायावर येते, पेटीचं झाकण उघडलं का थंडी पेटीतच राहते." थंड हवा जड असते. उभ्या फ्रिजचं दार उघडलं की ती खालून ओतून जाते आणि तिच्या जागी ४४ अंशांची हवा शिरते. स्टँडवर गाडी लागली की दहा मिनिटांत तीस वेळा दार उघडतं. पेटीचा दोष एवढाच की माल दिसत नाही आणि तळाच्या बाटल्या वाकून काढाव्या लागतात. त्याचं गिऱ्हाईक मात्र फळीवरचं बघत थांबणारं नाही, ते येतं, नाव सांगतं आणि गाडी पकडतं. त्याला पेटीच बरोबर.

त्याच्याकडेच मला सकाळी फ्रिज भरण्याचं गणित कळलं. तो माल रात्री भरतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, सकाळी भरला तर दुपारी गरम निघतो. घरी येऊन मी हिशेब मांडला. एक लिटर पाणी ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला त्यातून सुमारे १२५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सहाशे मिलिलिटरच्या २४ बाटल्यांच्या एका क्रेटमधून काढायची उष्णता झाली अर्धा युनिट. दीडशे बाटल्या एकदम भरल्या, तर तीन युनिटांहून अधिक. फ्रिजची उष्णता ओढायची ताकद ३०० वॉट धरली तर हे काम दहा तासांचं, तेही दार एकदाही न उघडता. सकाळी आठला भरलेला फ्रिज दुपारी बाराला कसा थंड होणार? दुकानदार म्हणतो यंत्र कमजोर आहे, आणि थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवतो. मग कॉम्प्रेसर थांबत नाही आणि पंख्याजवळच्या बाटल्या गोठतात. रात्री दुकान बंद करताना भरावं. रात्री हवा थोडी निवळलेली असते, दार बंद असतं आणि यंत्राला आठ-दहा तास मिळतात.

विजेचा हिशेब तर किमतीच्या आधी करावा. तीन-साडेतीनशे लिटरचा नवा फ्रिज चाळीस हजारांच्या घरात जातो आणि सगळी घासाघीस त्या आकड्यावर होते. पण असा फ्रिज दिवसाला साडेचार युनिट घेत असेल, तर महिन्याला १३५ युनिट. व्यापारी दराने सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये पकडले, तर १,६२० रुपये. पाच वर्षांत सत्त्याण्णव हजार. म्हणजे फ्रिजच्या दुपटीहून जास्त पैसे विजेत जातात. दोन मॉडेलांमध्ये रोजच्या दीड युनिटाचा फरक असला, तर वर्षाला साडेसहा हजार रुपये. दोन हजारांची सूट मिळाली म्हणून आनंदाने जास्त खाणारं यंत्र घरी आणणारी माणसं मी या दोन महिन्यांत पाहिली. मला त्यांची फार हळहळ वाटते, कारण त्यांना हे सांगणारं कोणी भेटलंच नाही.

देवरूखला एक मेकॅनिक आहेत, पंचवीस वर्षं हेच काम करतात. वहिनीचा जुना फ्रिज मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी आधी मागची जाळी दाखवली. कांदाभजीच्या तेलाची वाफ आणि रस्त्याची धूळ यांचा एक नमदाच तिच्यावर तयार झाला होता. आतून काढलेली उष्णता या जाळीतून बाहेर जायची असते. ती बुजली की कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो. त्यांच्या मते हॉटेलातले निम्मे फ्रिज या एकाच कारणाने मरतात. म्हणून खाली जाळी असलेला फ्रिज घेताना तिच्यापुढचा पत्रा स्क्रूड्रायव्हरशिवाय काढता येतो का, ते बघावं. येत नसेल तर कोणी साफ करणार नाही. आणि चुलीपासून लांब, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावा.

गॅसबद्दलही त्यांनी नीट समजावलं. "गॅस संपला" असं आपण सहज म्हणतो आणि दरवर्षी भरून घेतो. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी. नव्या फ्रिजांत आर-२९० किंवा आर-६००ए हे गॅस येतात, म्हणजे प्रोपेन आणि आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. जुना आर-१३४ए हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींहून जास्त तापमानवाढ करतो. प्रोपेनची गणना तीन-चार पटींत होते. जुने गॅस हळूहळू कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. प्रोपेन वीजही कमी खातो. पण तो पेटतो. यंत्रात तो जेमतेम शे-दीडशे ग्रॅम असतो, तरी नळी टाकायला बसणारा माणूस शिकलेलाच हवा. फ्रिज घेण्याआधी विचारावं, आमच्या तालुक्यात हा गॅस हाताळणारा माणूस कोण? त्याचं नाव आणि फोन शोरूमवाल्याला देता आला नाही, तर वॉरंटीच्या कागदाचा उपयोग थोडाच.

व्होल्टेजचं तर आपल्याकडे सांगायलाच नको. संध्याकाळी पंखे मंदावतात तेव्हा कॉम्प्रेसरची वायंडिंग जळते. स्टॅबिलायझर फ्रिजबरोबरच घ्यावा, आणि वीज गेल्यावर परत आली की तीन मिनिटं थांबून चालू करणारा घ्यावा. नळीतला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. वहिनीला मी अजून एक सांगितलं, ते ती इमाने करते: फ्रिज अर्धा रिकामा असेल तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आत ठेवायच्या. दोन तास वीज गेली तर थंडी त्या धरून ठेवतात.

सोलकढीवर मात्र आमचे खटके उडाले. रंगीत पेय आठ अंशांवर असलं तर फक्त कमी गार लागतं, खराब होत नाही. सोलकढीत नारळाचं दूध आहे, ताकात दूध आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशा पदार्थांना ५ अंश किंवा त्याखाली ठेवावं लागतं. सतत उघडझाप होणाऱ्या काचेच्या फ्रिजमध्ये दाराजवळच्या बाटलीला ५ अंश मिळतीलच असं नाही, बाहेरच्या आकड्यावर काहीही दिसो. तो आकडा आतल्या एका जागेचा असतो. मी दोनशे रुपयांचा तापमापक आणला आणि शेजारच्या एका ओळखीच्या हॉटेलात तासातासाने वरच्या, मधल्या, खालच्या कप्प्यात ठेवून बघितला. गर्दीच्या वेळी वरच्या कप्प्यात पुढे ९ होते आणि त्याच वेळी मागे पंख्याजवळ ३.

वहिनीचं म्हणणं, "मग सगळंच कशाला आत कोंबायचं?" आणि तिथे ती माझ्यापुढे गेली. कोकमाचं आगळ मिठात असतं, अमृत कोकम साखरेच्या पाकात. दोन्ही बाहेर टिकतात, आमच्या आजीने वर्षानुवर्षं बरण्यांत टिकवली. गार हवं असतं ते पाणी. म्हणजे साठ ग्लास कोकमासाठी साठ बाटल्यांची जागा नको, थंड पाण्याचे दोन मोठे डबे पुरे. सोलकढी सकाळ-संध्याकाळ दोनदा करायची, प्रत्येक वेळी वीस वाट्या, आणि ती मागच्या बाजूला पंख्यापासून चार बोटं सोडून, कारण गोठली की नारळाचं दूध फुटतं. या एका विचाराने आम्हांला लागणारा फ्रिज पाचशे लिटरवरून तीनशेवर आला. मासे आणि मटण या फ्रिजमध्ये येणार नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. त्यांच्यासाठी जुना फ्रिज नवं रबर आणि साफ जाळी घालून मागे ठेवला. रबर बसलं की नाही ते वहिनी दहाच्या नोटेने बघते. नोट दारात अडकवून ओढायची. सुळकन आली तर रबर गेलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीनशे लिटरचा, दुहेरी काचेचा, पंख्याने थंडी फिरवणारा फ्रिज पडवीत आला. दार आपोआप मिटणारं, कारण पोरं ते उघडं टाकतात. दिवा एलईडीचा, जुन्या ट्यूबसारखा आत ऊब न करणारा. पाटीवर वहिनीने स्वतःचं नाव घातलं. खाली सागवानी फळ्यांचा पाट केला, फरशी धुताना पाणी पायाला लागू नये म्हणून. डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात तिने पारदर्शक बाटल्यांत कोकम सरबत तयार करून लावलं, रोज फक्त पंधरा, दिसण्यासाठी. काचेमागचा तो लाल रंग रस्त्यावरून दिसतो. त्या मे महिन्यात कोकमाचा दिवसाचा आकडा साठावरून नव्वदवर गेला. गाड्याही जास्त होत्या, सगळं श्रेय फ्रिजला देता येणार नाही.

यंदा एप्रिलमध्ये मी तिथे होतो तेव्हा तोच कंपनीचा माणूस परत आला. या वेळी त्याच्याकडे कागद नव्हता. त्याने फ्रिज बाहेरून नीट बघितला आणि विचारलं, "वहिनी, आमच्या दोन क्रेटला जागा होईल?" वहिनीने खालचे दोन कप्पे दाखवले. तो पुढूनच बाटल्या लावायला लागला, तेव्हा तिने त्याला थांबवलं. कालच्या सहा बाटल्या शिल्लक होत्या. आधी त्या पुढे ओढून घ्या, म्हणाली, तुमच्या नव्या मागे लावा, आणि दार लोटून घ्या, उघडं ठेवून लावू नका.